न उघडलेली आगाऊ प्रत

"शनिवारी माझ्या वाढदिवसाला तू वाचून दाखवायचंस, नेव्हिल," डोरीन क्रॅगबाईंनी फाटकाबाहेरूनच फर्मान सोडलं. "माझ्या सुनेचं पुस्तक. आणि दुकानातलं नको हं. तुझी ती आगाऊ प्रत आण, सहीवाली."

नेव्हिल हॅलिवेल गुलाबांची छाटणी करत होता. त्याच्या हातून कळ्यांनी भरलेली फांदी कापली गेली.

"आगाऊ प्रत? कशाला हो? ती जुनी, चुकांनी भरलेली..."

"गेली नऊ वर्षं गावभर तिचंच कौतुक सांगत फिरतोस ना? 'धुक्यातला पूल' तीनदा वाचलंय म्हणतोस ना? मग चेटकिणीचा भाग वाच. ऐंशी वर्षांची होतेय मी. एवढं करशील की नाही?"

स्केल्बी गावात ऐंशीच्या बाईला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, आणि डोरीनबाईंना तर त्या चाळिशीत होत्या तेव्हाही कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. नेव्हिल म्हणाला, "आनंदानं!" मग घरात जाऊन, मातीचे बूट पायांत तसेच ठेवून, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मटकन बसला.

त्याचं दुखणं समजून घ्यायचं तर त्याचा छंद समजून घ्यायला हवा. नेव्हिल अद्भुत कादंबऱ्यांच्या आगाऊ प्रती जमवायचा. कादंबरी बाजारात यायच्या काही महिने आधी प्रकाशक थोड्याशा प्रती साध्या कागदी वेष्टनात छापतो, परीक्षकांना आणि दुकानदारांना वाटतो. त्यातल्या चुका सुधारायच्या राहिलेल्या असतात आणि वर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक छापलेलं असतं. या प्रतीवर लेखकाची सही मिळवली की नेव्हिलसारख्या माणसाला स्वर्ग हाताला लागतो. त्यातही नियम असे की सही नुसतीच हवी. 'अमक्यास सप्रेम' वगैरे लिहिलं की प्रत बाटली. आणि प्रत उघडायची नाही. पुस्तक उघडलं की कण्यावर सुरकुती पडते, आणि सुरकुती पडली की संपलंच.

थोडक्यात, मागच्या खोलीत चार भिंती भरून राक्षस, राजकन्या आणि उडते सर्प होते, आणि नेव्हिलनं त्यांतलं एकही पान वाचलेलं नव्हतं. मागच्या वेष्टनावर चार ओळींचा सारांश असायचा, त्यावर त्याचं भागत असे. निवृत्त होईपर्यंत तो वाहनचालकांच्या परीक्षा घेणारा परीक्षक होता. समोरच्या माणसाला न कळू देता मत बनवायची त्याला सवय होतीच.

"मग उघड आणि वाच की," त्याची बायको ग्विनेथ बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"उघडू? वेड लागलंय का तुला? त्या प्रती प्रकाशकानं परत मागवून नष्ट केल्या, काय भानगड होती कुणास ठाऊक. माझ्याकडची बहुधा शेवटची आहे! आधीच हीटरच्या उष्णतेनं तिच्या कण्यावर एक बारीक रेघ आलीय."

त्या रेघेपायी नेव्हिलनं तीन वर्षांपूर्वी मागच्या खोलीचा हीटर कायमचा बंद केला होता. त्या खोलीत इस्त्री करताना ग्विनेथ हिवाळ्यात कोट घालत असे. यावर तिनं बटाट्याचा डोळा जरा जास्तच खोल काढला, एवढंच.

"वाचनालयातून दुकानातली आवृत्ती आण. निदान आत काय आहे ते तरी कळेल."

"वाचनालयातली ती बाई डोरीनची मैत्रीण आहे. मी तीनदा वाचलेलं पुस्तक वाचायला नेलं, हे दुपारच्या चहाच्या आत गावभर होईल."

तेव्हा त्यानं शास्त्रीय मार्ग धरला. प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढली (ही पाकिटं तो गठ्ठ्यानं मागवी आणि दर वेळी गठ्ठ्यात कमी भरली म्हणून दुकानदाराशी भांडे), हातात सुती मोजे चढवले, पुस्तक फक्त बोटभर उघडलं आणि त्या फटीत दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा सरकवला. आरशात अक्षरं उलटी दिसायला लागली. मग ग्विनेथचा हातातला आरसा आणून त्या आरशासमोर धरला, विजेरी दातांत पकडली, आणि मान अशी वळवली की मानेचं हाड कट्कन वाजलं.

"काय दिसतंय?" ग्विनेथनं दारातून विचारलं.

"चेहकीन हब्याहं हाकन," नेव्हिल विजेरीभोवतून म्हणाला.

विजेरी काढल्यावर ते 'चेटकीण डब्याचं झाकण' असल्याचं निष्पन्न झालं. पुढे काय ते कण्याकडच्या काळोखात गडप झालं होतं. चेटकिणीकडे झाकणाचा डबा आहे, एवढ्या भांडवलावर नेव्हिल शनिवारी वाढदिवसाला निघाला.

गाडी ग्विनेथ चालवत होती, कारण नेव्हिलच्या मोजे घातलेल्या दोन्ही हातांत पुस्तक होतं. प्रत्येक वळणाला तो सवयीनं ओरडत होता, "आरसा!" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती.

"दिसतोय आरसा. कधीपासून तिथंच आहे," ग्विनेथ म्हणाली.

प्रार्थनामंदिरामागच्या सभागृहात टेबलं मांडली होती. अंड्याची सँडविचेस होती, आल्याचा केक होता, आणि मधोमध डोरीनबाईंचा सुप्रसिद्ध बिस्किटांचा डबा होता. त्यातलं प्रत्येकाला एक बिस्किट मिळे आणि झाकण लागे. दाराशीच लेखिका, म्हणजे डोरीनबाईंची सून रोझालिंड, उभी होती. ती लांब ब्रिस्टलला राहायची आणि स्केल्बीला फारशी फिरकत नसे. सासू-सुनेचं फारसं सूत नाही हे गावाला ठाऊक होतं. डोरीनबाई गेली काही वर्षं तिच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत.

नेव्हिलच्या हातातली प्रत पाहताच रोझालिंडच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"मिस्टर हॅलिवेल! ही... ही अजून आहे तुमच्याकडे? लीड्सच्या दुकानात मी सही केलेली?"

"जिवापाड जपलीय," नेव्हिल म्हणाला.

"आठवतं मला. मी तुमचं नाव घालणार होते, तर तुम्ही म्हणालात, 'फक्त सही, नाव नको.'" ती त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली. "म्हणजे तुम्ही ही वाचली आहे?"

आता आपली परीक्षा सुरू झाली, असं नेव्हिलला वाटलं. परीक्षेत घाबरलेलं दिसायचं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"तीनदा!"

रोझालिंडनं दाराची चौकट धरली. "आणि... कशी वाटली?"

"चेटकीण! वा! काय चेटकीण! इतकी जिवंत, की वाटतं आपल्याच गावात राहते. आणि तो डबा!" एवढ्यावर न थांबता तो भरात येऊन म्हणाला, "आज सगळ्यांसमोर तोच भाग वाचतोय."

"याच प्रतीतून?"

"डोरीनबाईंचा खास आग्रह आहे."

रोझालिंडचा रंग पार उडाला. ती काहीतरी पुटपुटून सँडविचेसच्या दिशेनं गेली आणि तिथून वळून पुस्तकाकडेच बघत राहिली. नेव्हिलची खात्री झाली की बाईनं आपलं सोंग ओळखलं. डबा कदाचित चेटकिणीचा नसेलच. डबा दुसऱ्या कुणाचा असेल आणि चेटकीण नुसती शेजारी उभी असेल. तो घाम पुसायला म्हणून मागच्या स्वयंपाकघरात शिरला, तर पाठोपाठ रोझालिंड आली आणि तिनं बशा बाहेर देण्याची खिडकीसुद्धा लावून घेतली.

"मिस्टर हॅलिवेल, एक विचारू? हे पुस्तक या सिंकमध्ये पडू शकेल का?"

"पडू शकेल म्हणजे?"

"म्हणजे चुकून हो. तुमच्या हातून. नाहीतर माझ्या. पाणी गरम आहे, साबण आहे, पाच मिनिटांत लगदा होईल. मी तुम्हाला नव्या कादंबरीची आगाऊ प्रत देते. सहीची. दोन देते!"

नेव्हिलनं पुस्तक छातीशी धरलं. आणि मग एकदम त्याला गहिवरून आलं. ही भली बाई आपली लाज राखायला स्वतःचं पुस्तक बुडवायला निघाली होती! इतका चांगुलपणा त्याला सोसवेना.

"म्हणजे तुम्हाला कळलंच," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "खरं आहे. मी हे वाचलेलं नाही."

"काय?"

"एक पानही नाही. कधीच नाही. काय करू, कणा मोडतो हो!"

रोझालिंड दुधाच्या उपड्या ठेवलेल्या क्रेटवर बसली. "एक पानही नाही? खरंच? शपथेवर सांगा!"

"शपथेवर."

"अहो, देवमाणूस आहात तुम्ही!" तिनं त्याचे दोन्ही हात मोज्यांसकट धरून हलवले. आपलं पुस्तक वाचलं नाही म्हणून लेखिका इतकी खूश झालेली नेव्हिलनं कधी पाहिली नव्हती. आपण हे आधीच का नाही सांगितलं, असं त्याला होऊन गेलं.

मग तिनं सगळं सांगितलं. लिहिताना ती पात्रांना ओळखीच्या माणसांचीच नावं देई, म्हणजे माणसं डोळ्यांसमोर राहत. शेवटी नावं बदलून टाकी. या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाकडे चुकून न बदललेली प्रत गेली आणि तीच आगाऊ छापली गेली. चूक लक्षात आली तोवर प्रती वाटून झाल्या होत्या. तिनं हातापाया पडून त्या परत मागवल्या. पण लीड्सच्या दुकानातली सही त्याआधीची होती.

"त्यातल्या चेटकिणीचं नाव डोरीन क्रॅग आहे," रोझालिंड म्हणाली. "हनुवटीवरच्या तिळासकट. बिस्किटांच्या डब्यासकट. सासूबाईंना हे कळलं तर संपलं सगळं. आता हवामानाबद्दल तरी बोलतात."

"अरे बाप रे," नेव्हिल म्हणाला.

"गावातली आणखीही काही नावं आहेत..." ती अडखळली. "ते जाऊ दे."

बाहेरून डोरीनबाईंचा आवाज आला. "नेव्हिल! चहा निवतोय आणि मीही!"

दोघांनी सिंककडे पाहिलं. पाण्यावर साबणाचा फेस शांतपणे तरंगत होता. पुस्तक त्यात टाकायचं नेव्हिलच्या हातून होणार नव्हतं, आणि उघडून वाचायचं म्हणजे या बाईचं घर मोडायचं. तिसरा एकच मार्ग उरत होता, आणि त्यात नेव्हिलची नऊ वर्षांची इभ्रत जात होती. मागच्या वेष्टनावरच्या चार ओळींवर का होईना, ती त्यानं कष्टानं कमावलेली होती.

"मी बघतो काय ते," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

नेव्हिल डब्याजवळ उभा राहिला, घसा खाकरला.

"मित्रहो, मला वाचता येणार नाही. मी हे पुस्तक उघडणार नाही. कारण मी ते कधीच उघडलेलं नाही. मी 'धुक्यातला पूल' वाचलेलं नाही. तीनदा नाही आणि एकदाही नाही. आजवर मी जे काही बोललो, ते मागच्या वेष्टनावरचं होतं."

कुठेतरी कुणीतरी चहात चमचा फिरवला. नेव्हिल डोळे मिटून उभा राहिला.

"बरं, मग?" डोरीनबाई म्हणाल्या. "ते आम्हाला ठाऊकच आहे."

नेव्हिलनं डोळे उघडले. "ठाऊक आहे?"

"अरे, वाचलं असतंस तर एवढं कौतुक केलं असतंस का? आण इकडे ते."

तो भानावर यायच्या आत त्यांनी पुस्तक काढून घेतलं, प्लॅस्टिकचं पाकीट सराईतपणे झटक्यात उतरवलं आणि प्रत टेबलावर ठेवली. पुस्तक आपणहून उघडलं, सवय असल्यासारखं. उघडल्या पानावर जांभळ्या मुरंब्याचा डाग होता. नेव्हिलनं ग्विनेथकडे पाहिलं. ग्विनेथ चहाच्या किटलीत काय दिसतंय ते बघत होती.

"तू सह्या गोळा करायला ग्लासगोला गेला होतास," ती किटलीला म्हणाली. "मी सहज चाळलं. मग एकटीला इतकं हसू सहन होईना. मी फक्त डोरीनला दिलं."

"मी फक्त माझ्या बहिणीला दिलं," डोरीनबाई म्हणाल्या.

"मी फक्त वाचनालयात दाखवलं," बहीण म्हणाली. यानंतर टेबलाटेबलांवरून इतके 'मी फक्त' आले, आणि त्यांच्यात इतकी पाकिटं खर्ची पडलेली, की नेव्हिलला पाकिटांच्या दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागावी लागली. हीटरचीही.

तिकडे रोझालिंड स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी होती.

"तुम्ही... तुम्ही हे वाचलंय? नऊ वर्षांपूर्वीच?"

"वाचलं म्हणजे? पाठ आहे मला!" डोरीनबाईंनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "'टेकडीवर डोरीन क्रॅग नावाची चेटकीण राहत असे. राजे तिला घाबरत. सेनापती दारात टोपी काढत. ती पाहुण्याला मोजून एक बिस्किट देई आणि डब्याचं झाकण लावताना जो आवाज होई, त्यानं लढाया थांबत.' लढाया थांबत! ऐकलंत का सगळ्यांनी?"

"मला फार वाईट वाटतं, डोरीन. तुम्हाला राग येणं अगदी..."

"राग आलाच! दुकानातलं पुस्तक विकत आणलं तेव्हा आला. नवं कोरं, जाड पुठ्ठ्याचं, बहिणीला दाखवायला. उघडून बघते तर मी गायब! तिथं कोण? तर कुणी एक एल्ड्रेथ! तीळ माझा, बिस्किटं माझी, लढाया थांबवायच्या मी आणि नाव त्या भवानीचं! मी काय वाईट केलं होतं गं तुझं, म्हणून मला काढून टाकलंस?"

सभागृहात एवढा हशा झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या. रोझालिंड हसत होती की रडत होती ते नक्की सांगता येणार नाही. ती सासूबाईंच्या खुर्चीपाशी येऊन बसली. डोरीनबाईंनी तिच्यापुढे डबा केला, तिनं एक बिस्किट घेतलं, आणि झाकण लागलं नाही. डबा तसाच उघडा समोर राहिला. स्केल्बीतल्या जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

नेव्हिलला इतकं हलकं वाटत होतं की तोही एक सँडविच उचलणार होता. तेवढ्यात त्याला एक गोष्ट आठवली आणि तो रोझालिंडकडे वळला.

"तुम्ही म्हणालात गावातली आणखी नावं आहेत. कुणाची?"

हशा एकदम थांबला. लोक बशांत बघायला लागले. ग्विनेथ पुन्हा किटलीकडे वळली.

"आज ना उद्या कळणारच," डोरीनबाई म्हणाल्या. त्यांनी पुढची पानं उलटली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. नेव्हिलनं ते उघडंच घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आगाऊ प्रतीतली अख्खी ओळ वाचली.

'पुलाखाली नेव्हिल नावाचा राक्षस राहत असे. येणाऱ्याच्या तोंडाकडे तो कधी बघत नसे. हातात कागद अडकवलेली फळी धरून तो फक्त चुका टिपत असे. "आरसा!" असं तो गरजे, आणि भल्याभल्यांचे पाय लटपटत. मग म्हणे, "पुन्हा या!"'

तो थांबला. आपल्या शेजारी गाडीत बसलेली हजारो माणसं त्यानं आठवायचा प्रयत्न केला. चेहरा एकाचाही आठवेना. आठवत होते ते फक्त आरसे.

"तुम्ही माझ्याकडे परीक्षेला बसला होतात?"

"नवी नवरी होऊन या गावात आले तेव्हा," रोझालिंड हळूच म्हणाली. "तीनदा नापास केलंत. गोष्टीत पुलावर अडलेली मुलगी आहे ना, ती मीच."

"हा राक्षस... त्या मुलीला शेवटी पुलावरून जाऊ देतो?"

"पुढे वाचा ना."

नेव्हिलनं मोजे काढून खिशात कोंबले, खुर्ची ओढली आणि वाचायला लागला. पान उलटायला बोटाला थुंकीसुद्धा लावली. चहा निवला, आल्याचा केक वाटून संपला, कुणीतरी पियानोवर वाढदिवसाचं गाणं वाजवलं, तरी त्याचं डोकं वर झालं नाही. एके ठिकाणी तो "अरे गाढवा, बघ की तिच्याकडे!" असं मोठ्यानं म्हणाला, ते राक्षसाला होतं. बऱ्याच वेळानं त्यानं एक लांब श्वास सोडला आणि ओल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"सोडलं!" तो म्हणाला. "चौथ्या वेळी त्यानं फळी खाली ठेवली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सोडलं तिला! वर तिचा कंदीलसुद्धा धरला!"

सभागृहातल्या प्रत्येकाला हे नऊ वर्षं माहीत होतं. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण नेव्हिलसमोर चुकूनही राक्षसाचं नाव निघू नये म्हणून इतकी वर्षं जीभ सांभाळायची म्हणजे काही सोपं काम नव्हतं.

निघताना नेव्हिलनं पुस्तकाचं पहिलं पान उघडून रोझालिंडपुढे धरलं आणि स्वतःचं पेन दिलं.

"या वेळी नावासकट," तो म्हणाला.

तिनं थोडा विचार केला आणि जुन्या सहीच्या वर लिहिलं, 'मिस्टर नेव्हिल हॅलिवेल यांना.' आणि खाली एकच शब्द, त्याच्याखाली दोन रेघा ओढून: 'पास.'

परतताना गाडी ग्विनेथच चालवत होती. पुस्तक नेव्हिलच्या मांडीवर सताड उघडं होतं. चर्चच्या कोपऱ्यावर ती आरशात न बघताच वळली आणि सवयीनं ओरड्याची वाट बघत खांदे आवळून बसली. ओरडा आला नाही. तिनं चोरून शेजारी पाहिलं, तर नेव्हिल पान उलटत होता.

"घरी गेल्यावर मागच्या खोलीतला हीटर लाव," तो वर न बघता म्हणाला. "तिथं बसून वाचायचं म्हणजे थंडी वाजेल."